रविवारी मी का विझते

तीन महिने मी फुरफुर करून सांगत होते, माझ्यात काही बिघाड नाही. कुणी विश्वास ठेवला? एकानेही नाही. म्हणे, "म्हातारी झाली, काढून टाका."

मी गॅसच्या गिझरमधली लहान ज्योत बोलतेय. बोटाच्या पेराएवढी, निळी. नळ सोडला की माझ्यावरून मोठी आग पेटते आणि पाणी तापतं. मिस्त्री मला पायलट म्हणतो. म्हणू दे.

अठरा वर्षांपूर्वी याच मिस्त्रीने मला या न्हाणीघरात पहिल्यांदा पेटवलं. तेव्हापासून घरातल्या सगळ्यांना ओळखते. गुणगुणणारे, रडणारे, नळ सोडून नुसते उभे राहणारे. घरात चार माणसं. आबा, त्यांचा मुलगा, सून आणि सहा महिन्यांचं बाळ. बाळाची आंघोळ माझ्या जिवावर.

पण मी विझायला लागले. मुलगा पेटवायचा. माझ्या शेजारी तांब्याची काडी आहे, ती तापेपर्यंत, चांगले तीस अंक मोजेपर्यंत, बटण दाबून धरायचं असतं. हा बारापर्यंत मोजून सोडायचा आणि मलाच शिव्या घालायचा. मिस्त्रीने काडी बदलली, नळी फुंकून साफ केली. तरी मी विझतच राहिले.

आबा सर्वांत मोठ्याने ओरडायचे. "अरे, जुनं ते जुनंच! पुढच्या आठवड्यात भंगारात द्या." स्वतः सत्तरीचे, पण डोक्यावर एक पांढरा केस नाही. "आमच्या घराण्याचं रक्तच तसं," असं सगळ्यांना ऐकवायचे.

सून मात्र हुशार. मी विझले की कॅलेंडरवर फुली मारायची. एक दिवस नवऱ्याला म्हणाली, "अहो, सगळ्या फुल्या रविवारच्या. गिझरला वार कळतो का हो?"

रविवारी सकाळी मिस्त्री हजर. आबा नुकतेच न्हाणीघरातून टॉवेल गुंडाळून बाहेर आलेले, आणि मी विझलेली. मिस्त्रीने मला पेटवलं, स्टुलावर बसून दहा मिनिटं पाहत राहिला. मी ताठ उभी.

मग त्याने वर पाहिलं. "एवढ्या उकाड्यात ही खिडकी बंद का?" त्याने दरवाजा ओढून घेतला आणि तीन महिन्यांपूर्वी बसवलेल्या, हवा बाहेर फेकणाऱ्या पंख्याचं बटण दाबलं. धुराड्याच्या नळीतून गार झोत आत आला, मी आडवी झाले, आणि संपले.

"विझली!" मिस्त्री लॉटरी लागल्यासारखा ओरडला. दार उघडून म्हणाला, "खिडकी बंद करून पंखा लावला की तो नळीतून उलटी हवा ओढतो. ज्योत विझते. मोठी आग पेटलेली असती तर विषारी धूर खोलीतच कोंडला असता. बाळाची आंघोळ इथेच ना?"

सुनेचा चेहरा पांढरा पडला. "रविवारी पंखा लावतं कोण?"

"मी नाही," मुलगा म्हणाला. "मी तर पेपर वाचत असतो," आबा म्हणाले.

मिस्त्रीने पंख्याच्या बटणाकडे बोट दाखवलं. त्यावर काळाकुट्ट अंगठा उमटलेला. जरा वास घेऊन तो म्हणाला, "कलप आहे हा. वास जावा म्हणून पंखा, आणि शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून खिडकी बंद."

मुलाने अंगठा दाखवला, सुनेने दाखवला. स्वच्छ. आबांचा हात टॉवेलातून बाहेरच येईना.

म्हणून सांगते, केस हवे तितके काळे करा, पण खिडकी उघडी ठेवा. आणि दुसरीला म्हातारी म्हणण्याआधी आरशात पाहा. मी आज परत पेटलेय, भंगारवाल्याला नकार गेलाय.

मिस्त्री पावती लिहायला बसला. "बिघाडाचं कारण काय लिहू?"

सुनेने पेन हिसकावून घेतलं आणि मोठ्या अक्षरांत स्वतःच लिहिलं: आबा.