दुर्बिणीच्या पट्ट्याला बांधलेली किल्ली

मी एक जुनी किल्ली आहे, पण मला दात नाहीत. मित्रांनो, मला पाहून तुम्ही किल्ली म्हणणारही नाही. अंगठ्याएवढं राखाडी प्लास्टिकचं अंग, एक बटण आणि नखाएवढा पडदा. बटण दाबलं की पडद्यावर सहा आकडे उमटतात आणि थोड्या वेळाने विझतात. पुन्हा दाबलं की नवे आकडे.

कारखान्यातून मी भावंडांबरोबर खोक्यात बसून विद्यापीठाच्या संगणक विभागात आले. तिथल्या प्रत्येकाच्या ऑनलाइन खात्याला पासवर्ड हे पहिलं कुलूप, दुसरं कुलूप आमच्या आकड्यांनी उघडायचं. माझ्या वाट्याला पक्ष्यांचे प्राध्यापक आले.

"सर, हिला जपा. आणि एक जास्तीची किल्ली नोंदवून ठेवा," तिथला तंत्रज्ञ म्हणाला.

"उद्या येतो," सर म्हणाले.

सर चष्मा विसरत, छत्री विसरत, जेवायचंही विसरत. दुर्बीण मात्र कधीच विसरत नसत. म्हणून त्यांनी मला दुर्बिणीच्या पट्ट्याला बांधलं. सहकारी चिडवायचे, "काय सर, या वयात लॉकेट?"

पहाटे आम्ही तळ्यावर जायचो. सर पक्ष्यांचे आवाज टिपायचे आणि नंतर खात्यात साठवायचे. जुन्या कॅसेटीही त्यांनी हळूहळू तिथे चढवल्या. प्रत्येक ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीला त्यांचाच आवाज असे, "गप्प बसा, पाहुणे आलेत." एका कॅसेटीत त्यांची लहानगी लेक चिऊ भर शांततेत शिंकली होती. पक्षी उडून गेले, पण सरांनी ते ध्वनिमुद्रण पुसलं नाही.

एकदा सरांना एक खोटी मेल आली आणि त्यांनी भाबडेपणाने तिच्यात पासवर्ड लिहून दिला. चोर पहिल्या कुलपातून आत शिरला आणि दुसऱ्यापाशी अडला, कारण मी सरांच्या गळ्यात होते. त्या दिवशी त्यांनी मला रुमालाने पुसलं. "वाचवलंस गं बाई!" म्हणाले. माझ्या आयुष्यातलं एवढंच कौतुक.

मग सर आजारी पडले. दुर्बीण चामडी पेटीत गेली, तिच्याबरोबर मीही. अंधारात मला फक्त आवाज यायचे. एके दिवशी घरात पुष्कळ माणसं हळू आवाजात बोलू लागली, तेव्हा मला कळलं.

चिऊ आता मोठी झाली होती. एका संध्याकाळी पेटी मांडीवर घेऊन ती संगणकापुढे बसली.

"आई, बाबांनी दवाखान्यात पासवर्ड सांगितला होता, पण हे आकडे मागतंय."

"विद्यापीठात विचार की."

"विचारलं. तिथला तंत्रज्ञ म्हणाला, खातेदार समोर हवा, नाहीतर आकड्यांचं यंत्र हवं. मी म्हटलं, खातेदार समोर असते तर मी कशाला आले असते? महिनाअखेरीस खातं बंद होणार, मग बाबांची ध्वनिमुद्रणंही जाणार."

त्यांनी कपाटं, कोट, खण, सगळं धुंडाळलं आणि चिऊ पुन्हा पेटी मांडीवर घेऊन बसली. मी तिच्या मांडीवर होते, मित्रांनो! तिच्या बोटांच्या आणि माझ्या मध्ये फक्त एक चामड्याचं झाकण होतं. पण मला आवाज नाही. बटण दाबल्याशिवाय मी उजळतही नाही.

"ती पेटी बघितलीस का?" आईने विचारलं.

"दुर्बिणीच्या पेटीत दुर्बीणच असणार, आई. आणि उघडली तर बाबांचा वास उडून जाईल. नको."

महिना संपला.

पेटी उघडली ती पावसाळ्यानंतर, चामड्याला बुरशी लागली म्हणून. चिऊने दुर्बीण उचलली आणि मी पट्ट्यावरून लोंबकळले. मग तिने बटण दाबलं आणि सहाही आकडे मोठ्याने वाचले. ऐकायला खातं उरलं नव्हतं.

मित्रांनो, दुसरं कुलूप जरूर लावा. माझे आकडे कुणा परक्याने मागितले, तर सांगू नका. पण जास्तीची किल्ली आजच नोंदवा, आणि ज्यांना तुमचा आवाज हवासा वाटेल, त्यांना ती कुठे आहे ते सांगून ठेवा.

आता मी चिऊच्या घराच्या किल्ल्यांच्या जुडग्यात असते. दार उघडताना ती कधीकधी थांबते आणि माझं बटण दाबते. मी लगेच सहा आकडे दाखवते. ते अजूनही बरोबर असतात.