तीन टिकल्यांची कोरी पुस्तिका

मित्रांनो, मी एक जुनी पुस्तिका आहे. पण मला वाचायला घेऊ नका, फसाल. माझी सगळी पाने कोरी आहेत. छापखान्यात माझ्यासारखीला 'डमी' म्हणतात. खरी पुस्तिका छापण्याआधी त्याच कागदाची, त्याच मापाची आणि वजनाची एक बिनअक्षरी पुस्तिका बांधतात आणि तिचे हाल करून बघतात. ती तगली, तर पुढच्या छापायला घेतात. म्हणजे मार खायचा आम्ही आणि मिरवायचे दुसऱ्यांनी.

मला बनवले ताईने. छापखान्यात सगळे तिला ताईच म्हणत, तिच्याहून कितीतरी मोठे असलेले बाइंडरकाकासुद्धा. टपालाने जाणाऱ्या पुस्तिकांची आखणी करणे हे तिचे काम. तुम्हाला वाटेल, त्यात काय मोठे? अहो, टपाल केंद्रात आता पत्रे हातांनी निवडत नाहीत. तिथले यंत्र प्रत्येक पत्र उभे धरते, दोन पट्ट्यांच्या मध्ये दाबून पळवते, पळता पळता पत्ता वाचते आणि ज्या त्या भागाच्या खणात फेकते. त्या पळापळीत पुस्तिकेने जरा जरी तोंड उघडले, की तिचा निकाल लागलाच म्हणून समजा.

ताईला हे सगळे तोंडपाठ होते. घडीची बाजू खाली हवी, म्हणजे पुस्तिका यंत्रात नीट उभी राहते. मुखपृष्ठ फार पातळ नको, नाहीतर ते मुडपते. पिना नकोत, दोऱ्याची शिवण हवी. आणि उघड्या राहणाऱ्या तिन्ही कडांवर एकेक गोल चिकट टिकली हवी, एक पुढे, एक मागे, एक वर. माझ्या आधीच्या दोन भावंडांनी चाचणीत मान टाकली होती. एकीचे मुखपृष्ठ चुरगळले, दुसरीच्या पिना अडकल्या. मी मात्र तीन टिकल्या लावून त्या यंत्रात शिरले आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच पलीकडच्या खणात जाऊन पडले. यंत्रावरच्या बाईंनी मला उलटून पालटून पाहिले आणि त्या म्हणाल्या, "एक कोपरासुद्धा दुमडला नाही. अशाच छापा." माझ्या आयुष्यात मला मिळालेली शाबासकी ती एवढीच. मी अजून ती जपून ठेवली आहे.

पण माझ्यामागून जी पुस्तिका छापायची होती, ती गिऱ्हाइकाची नव्हती. ती ताईच्या वडिलांची होती. त्यांना सगळे अप्पा म्हणत. अप्पा शाळेत भूगोल शिकवायचे. वर्गात नवी मुले आली, की पहिला अभ्यास ठरलेला असे. शाळेतून आपल्या घरी जायच्या रस्त्याचा नकाशा काढून आणा. एका पोराने शाळेपेक्षा मोठा कुत्रा काढला होता, कारण त्याच्या रस्त्यात तेवढीच एक गोष्ट महत्त्वाची होती. एकीने खाऊचे दुकान काढले आणि पुढे घर काढायलाच विसरली. अप्पांनी हे सगळे नकाशे उभ्या आयुष्यात टाकून दिले नाहीत.

आता अप्पांनी अंथरूण धरले होते. डॉक्टरांनी ताईला बाजूला घेऊन फार दिवस उरले नाहीत असे सांगितले होते आणि अप्पांनी ते न सांगताच ओळखले होते. त्यांचे दुसरे काही मागणे नव्हते. "पोरं कुठे कुठे पोचली, तेवढं एकदा कळू दे गं," ते म्हणत. म्हणून ताईने त्या नकाशांची पुस्तिका करायचे ठरवले. आत एक कार्ड होते. त्यावर आपल्या आताच्या घराचा रस्ता काढून सरांना परत पाठवायचा. शाळेतून आणि एकमेकांच्या ओळखीतून ताईने जुन्या मुलांचे पत्ते गोळा केले. ती पुस्तिका पाकिटात घालू या, असे बाइंडरकाका म्हणाले, तर अप्पांनी नकाराची मान हलवली. "पाकीट दिसलं की माणूस बाजूला ठेवतो. चित्र दिसलं की उघडतो."

मी चाचणीत पास झाल्यावर ताई मला कौतुकाने घरी घेऊन आली आणि अप्पांच्या हातात दिले. मित्रांनो, तो क्षण मला विसरता येत नाही. अप्पांची बोटे आखडलेली होती. त्यांनी माझ्या वरच्या टिकलीखाली नख घालून पाहिले. मग बाजूची टिकली ओढून पाहिली. टिकली निघेना, माझ्या कडेचा कागद मात्र फाटला. ते ओशाळले. स्वतःच्याच घरात, स्वतःच्याच लेकीसमोर ते ओशाळले.

"मला उघडेना गं," ते म्हणाले. "आणि माझी पहिली पोरंही आता म्हातारी झाली असतील. त्यांना तरी कशी उघडेल?"

ताईच्या चेहऱ्याकडे मी पाहिले आणि मला पुढचे कळून चुकले. दुसऱ्या दिवशी तिने छापखान्यात सांगितले, "काका, पुढची नि मागची टिकली नको. वरची एकच लावा, तीही सैल."

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "पुन्हा एकदा यंत्रातून काढून बघायची का?"

"वेळ कुठे आहे काका?"

काकांना अप्पांची तब्येत माहीत होती. त्यांनी टिकल्यांचा डबा पुढे ओढला. मला बोलता आले असते, तर मी ओरडले असते, की अगं, मी पास झाले ती तीन टिकल्यांनी झाले! पण कोऱ्या पुस्तिकेचे कोण ऐकणार? ताईला नियम ठाऊक नव्हते असे नाही. तिच्या मायेने नियमांवर मात केली. मला तिचा राग कधी आला नाही, आजही येत नाही.

पुस्तिका फार देखण्या झाल्या होत्या. त्या टपालात पडल्या आणि अप्पा वाट पाहू लागले. मी त्यांच्या उशाशीच होते, औषधाच्या बाटल्यांच्या शेजारी. गल्लीत सायकलची घंटा वाजली, की ते मान उचलत. "आलं का काही?" ताई दारापर्यंत जाई आणि परत येई. सुरुवातीला ते हसून म्हणत, "आळशी आहेत लेकाचे. तेव्हाही अभ्यास वेळेवर देत नसत." पुढे पुढे ते विचारीनासे झाले. घंटा वाजली तरी भिंतीकडे तोंड करून पडून राहत. एकदा, घरात कुणी नाही असे समजून, ते स्वतःशीच म्हणाले, "विसरले असतील. विसरणारच." ते ऐकून माझ्या कोऱ्या पानांनासुद्धा भरून आले.

मग एका दुपारी यंत्रावरच्या बाईंचा ताईला फोन आला. पुस्तिका पोचल्याच नव्हत्या. पुढची कड उघडी असल्यामुळे यंत्रात शिरता शिरता त्यांची पाने पंख्यासारखी पसरली होती, पट्ट्यांत अडकली होती आणि एकीच्या अंगावर दुसरी चढून चिंध्या झाल्या होत्या. ज्या थोड्या वाचल्या, त्या बाजूला काढून ठेवल्या होत्या. सगळे पोत्यात भरून परत पाठवत आहोत, असे बाई म्हणाल्या.

ताई तशीच अप्पांच्या खाटेपाशी येऊन बसली. तिने त्यांचा हात हातात घेतला.

"अप्पा, तुमची मुलं विसरली नाहीत. पुस्तिका त्यांना मिळाल्याच नाहीत. यंत्रात फाटल्या. मी टिकल्या काढायला लावल्या ना, म्हणून. माझी चूक आहे."

 अप्पांनी हसून तिच्या हातावर थोपटले.

"किती सांभाळून घेशील गं मला?"

"नाही अप्पा, खरंच! शपथ घेऊन सांगते."

"बरं बरं. खरंच," ते म्हणाले, लहान मुलाची समजूत काढावी, तसे. आपली मुलगी आपल्याला दुःख होऊ नये म्हणून थाप मारते आहे, असेच त्यांना वाटले. आणि मुलीचे मन राखण्यासाठी त्यांनी ती थाप मानल्याचे दाखवले. मित्रांनो, खरे बोलूनही ते खरे वाटू नये, यापेक्षा मोठे दुःख मी पाहिलेले नाही.

फाटक्या पुस्तिकांचे पोते आले, तेव्हा ते बघायला अप्पा नव्हते. ताईने पोते घरातल्या जमिनीवर रिकामे केले आणि त्या चिंध्यांच्या मध्ये बसून ती ओक्साबोक्शी रडली. काका दारात उभे होते. त्यांना आत यायचे धाडस झाले नाही.

पुढे ताईने आणि काकांनी मिळून एक युक्ती काढली. टिकलीच्या मधोमध बारीक टोचे मारायचे. अशी टिकली यंत्रात घट्ट धरते आणि माणसाच्या अंगठ्याने नुसती दाबली की उघडते. या वेळी चाचणी झाली, पुन्हा झाली आणि मगच, अप्पांची इच्छा म्हणून, पुस्तिका होत्या तशाच निघाल्या. सगळ्या पोचल्या. उत्तरांची कार्डे येऊ लागली, इतकी की टपालवाला ती दोऱ्याने बांधून आणू लागला. लांबलांबच्या घरांचे रस्ते होते त्यांवर. वर नाव मात्र प्रत्येक कार्डावर एकाच माणसाचे होते आणि ते कार्ड घ्यायला तो माणूस नव्हता.

एके दिवशी तर एक पिकल्या केसांच्या बाई स्वतःच दारात आल्या. हातात पुस्तिका होती.

"सर आहेत ना घरी?" त्यांनी विचारले. "कार्ड कशाला पाठवू म्हटलं, मी तर इथे मागच्याच गल्लीत राहते. रोज जाता येता मनात यायचं, एकदा डोकवावं. पुस्तिका आली नि स्वतःचीच लाज वाटली."

ताईने त्यांना आत बोलावले, बसायला खुर्ची दिली आणि मग सांगितले. बाई पाणीसुद्धा न पिता उठल्या.

आता मी छापखान्यात टेबलाच्या खणात पडून असते. वर धूळ बसली आहे, कडेचा फाटका कागद पिवळा पडला आहे. नव्या मुली कधी खण उघडतात, मला चाळतात, आत काही नाही म्हणून परत टाकतात. बाळांनो, कुणासाठी काही पाठवाल, तेव्हा ते नुसते सुंदर करू नका. ते कोणकोणत्या हातांतून आणि चाकांतून जाणार आहे, त्याचाही विचार करा. त्यात मायेपोटी एवढासा बदल केलात, तरी पुन्हा तपासून बघा. तेवढा वेळ काढाच.

ताईने आपली चूक कधी नाकारली नाही. त्याचा बोल ती आजही स्वतःलाच लावते. पण खणात पडल्या पडल्या मी एका गोष्टीचा विचार करते, आणि ती तुम्हाला सांगितल्यावाचून माझ्याने राहवत नाही. तुमच्या मनात जे माणूस आहे, त्याला दोन ओळी लिहायला तुम्ही कशाची वाट बघता? अप्पांच्या पुस्तिका यंत्रात अडकल्या, मित्रांनो. मुलांना ठाऊक असलेला अप्पांचा पत्ता काही अडकला नव्हता.