पहिला नवरोज

मोनीरला मी जिन्यातच अडवलं. अंगात काळा झगा, डोक्याला काळा रुमाल.

"काढ ते. अक्कल गहाण ठेवलीस का?"

"आई म्हणाली, माणूस गेल्यानंतरचा पहिला नवरोज आहे, काळं घालूनच जायचं. मिठाई न्यायची नाही. मी काय मनाचं करतेय का, एफ्फत?"

"कोण गेलंय? नुसरत म्हणालीय का तसं?"

मोनीरने रुमालाची गाठ सोडली. नुसरतचा नवरा जासेम थंडीच्या सुरुवातीला लाँचवर मासेमारीला गेला, तो परतलाच नाही. लाँचची एक फळीसुद्धा बुशेहरच्या किनाऱ्याला लागली नाही. शोधणारे दमले, नुसरत दमली नव्हती. तिच्या दारात काळं घालून उभं राहायचं म्हणजे जासेमला आपणच मारायचं. मला ते जमणारं नव्हतं. मोनीरने झग्याखाली पिवळा सदरा घातला होता, नशीब माझं. काळं सगळं तिने पिशवीत कोंबलं.

आम्ही तिघी शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात शेजारी शेजारी बसतो. वर्षभर मान वर करायची सोय नाही, म्हणून नवरोजच्या, म्हणजे नव्या वर्षाच्या सुट्टीत एक दिवस नुसरतकडे खायचं, लोळायचं आणि एकामागून एक रडके सिनेमे बघायचे. जासेम त्या दिवशी घरात थांबायचा नाही. "तुमच्या रडण्यात बुडण्यापेक्षा समुद्र बरा," म्हणायचा मेला.

"उशीर केलात," नुसरत दार उघडताच म्हणाली. "भात गार झाला, आता मला बोलू नका."

हिरवा भात होता, सोबत कोंबडी. दर नवरोजला या घरात मासा असतो. मी काही विचारलं नाही.

या वेळचा सिनेमा विनोदी होता. जावई सासऱ्याला चोर समजून कोठीत कोंडतो. मोनीरला हसता हसता ठसका लागला. नुसरतही हसली. मला वाटलं, निभावलं बाई.

तेवढ्यात बेल वाजली. नुसरत ताडकन उठली. हल्ली बेल वाजली की ती अशीच उठते, तेव्हा तिच्याकडे बघवत नाही. शेजारीण होती, रिकाम्या हाताने, काळ्या रुमालात. "सहज आले," म्हणाली आणि दाराजवळच बसली. मग कोपऱ्यावरचा वाणी आणि त्याची बायको, दोघंही काळ्यात. शुभेच्छा कुणीच दिल्या नाहीत. टीव्हीवर सासरा दार बडवत होता.

"यांना कुणी बोलावलं गं?" नुसरतने मला हळूच विचारलं.

पुन्हा बेल वाजली तेव्हा ती उठली नाही. दार मी उघडलं. जासेमची आई उभी होती, हातात खजुराच्या हलव्याचं ताट. हा हलवा आमच्यात मयतासाठी करतात.

"मीच सांगितलं सगळ्यांना," म्हातारी नुसरतला म्हणाली. "तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"आई, तुम्हीसुद्धा?"

"मला काय हौस आहे, पोरी? पण त्याच्या आत्म्यासाठी कुणी फातेहाची प्रार्थना म्हणत नाही गं. माझं लेकरू तसंच राहिलंय."

आता नुसरत सगळ्यांना हाकलणार, असं मला वाटलं. पण तिने सासूला भिंतीशी लोडाला टेकून बसवलं, ताट हातातून घेतलं. सगळ्यांनी दुआसाठी हात उचलले. मी घाईघाईने रिमोट शोधला.

"बंद नको करू," नुसरत म्हणाली. "नुसता थांबव."

जावई तोंड उघडं ठेवून पडद्यावर थांबला. खोलीत फातेहा सुरू झाला. नुसरतने हात उचलले नाहीत. माझ्याकडून रिमोट घेऊन तिने मांडीवर ठेवला आणि सगळ्यांचं संपायची वाट बघत बसली.