एइनारचा डोह

माझा नवरा एइनार मासे कुठे पकडतो, हे अलास्कातल्या आमच्या गावात कुणालाच ठाऊक नव्हतं, मलासुद्धा. म्हणून यंदा मी उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र त्याच्या पिशवीला अडकवलं आणि चालू करूनच त्याला घराबाहेर काढलं.

डोहाजवळ घसरून त्याचा घोटा मोडला. आता गावचं बचाव पथक म्हणजे आमचे शेजारीच, सगळे गळ टाकणारे. त्यांना डोह दिसू नये म्हणून हा शहाणा मोडका पाय ओढत टेकडीपलीकडे रांगत गेला, आणि मग त्याने यंत्रावरचं मदतीचं बटण दाबलं.

पथकाचा म्होरक्या डेल्बर्ट त्याला स्ट्रेचरवर घालून घेऊन आला.

"इथं कसा रे पडलास? सगळं सपाट तर आहे," त्याने उचलताना विचारलं म्हणे.

"नशीब माझं," एइनार म्हणाला.

मी त्याच्या पायाखाली उशी सरकवली. ते यंत्र सकाळपासून माझ्या फोनच्या नकाशावर ठिपके टाकत होतं, आणि निघण्याआधी डेल्बर्ट माझ्याच स्वयंपाकघरात बसून ते नीट पाहून गेला होता.

रविवारी डेल्बर्ट भलामोठा ट्राउट मासा घेऊन दारात उभा.

"डोहाची काळजी सोड, एइनार. आम्ही पाळ्या लावून घेतल्यात."