मनगटावरची पट्टी

"आई, हात पुढे करा," काउंटरवरची पोरगी मान वर न करता म्हणाली आणि आत्याने हात पुढे केला.

'आई' म्हणून हाक आपल्यालाच मारली हे तिच्या लक्षात येईपर्यंत निळी कापडी पट्टी मनगटाभोवती फिरली होती, दोन्ही टोकं एकावर एक आली होती आणि स्टेपलरने खटकन टाचलीही गेली होती. शेजारी भाऊ उभा होता. "अहो, ती..." एवढंच त्याच्या तोंडून निघालं. पुढचं त्याने गिळून टाकलं.

त्याच्या थोरल्या मुलीने मात्र गिळलं नाही. "ती आमची आई नाहीये. आत्या आहे."

"एकच ना गं?"

"एकच कसं असेल?"

पोरीने तेवढ्यात भावाचा हात ओढून घेतला होता. "कुटुंबाचं तिकीट, दोन मोठी, दोन लहान. झालं. पट्टी फाटली, तुटली तर आत सोडणार नाही. आणि या फेरीची तिकिटं संपली बरं का, आता कुणी मागाहून येणार असेल तर सांगून ठेवा."

मागाहून येणारी होतीच. तिच्यासाठी तर हा सगळा खटाटोप होता.

औषधांच्या दुकानात काम करणारी ती बाई भावाला दीड वर्षापूर्वी भेटली, दुकानातला गळका नळ दुरुस्त करायला तो गेला तेव्हा. मग त्या दुकानातला नळ वारंवार गळायला लागला. आत्याने काय ते ओळखलं, हसली आणि काही विचारलं नाही. पुढे रीतसर लग्न ठरलं. येत्या रविवारी भाऊ दोन्ही पोरींना घेऊन दुकानाजवळच्या नव्या घरात जाणार होता. तिथे खोल्या दोन. आत्या, शिवणाचं मशीन आणि गिऱ्हाइकांच्या कपड्यांची गाठोडी जुन्याच खोलीत राहणार होती. हे सगळ्यांना पटलं होतं. फक्त धाकटीला पटायचं होतं. तिची आई गेली तेव्हा ती भिंतीला धरून चालत होती. तेव्हापासून आत्या नजरेआड झाली की ती भोकाड पसरायची. आज खेळता खेळता नव्या बाईशी तिचं जमावं, म्हणून भावाने हे करमणूक केंद्र शोधून काढलं होतं. आत्याने ती बाई येईपर्यंत थांबायचं आणि मग गुपचूप बाहेरच्या बाकावर जाऊन बसायचं, असं ठरलं होतं.

पण पट्टी तिच्या हातावर बसली.

आत जाळ्यांचे मोठे पिंजरे होते, उड्या मारायच्या गाद्या होत्या, रबरी चेंडूंचा एक हौद होता, आणि या सगळ्यावरून मोज्यांचा दमट वास फिरत होता. मधोमध पिवळी घसरगुंडी. अगदी लहान पोरांना तिच्यावर मोठ्या माणसाबरोबरच सोडत. भावाच्या दुखऱ्या कमरेला पट्टा होता, त्यामुळे त्याने खालूनच "वा वा" म्हणायचं काम पत्करलं. थोरली केव्हाच वर जाऊन दोनदा घसरून आली. धाकटी चेंडूंच्या हौदात आत्याच्या मांडीवर बसून घसरगुंडीकडे बघत राहिली.

"जायचं का चिमणे?"

"उद्या."

"उद्या इथे कोण आणणार तुला?"

"तू."

आत्याने एक चेंडू उचलला आणि उगाचच पदराने पुसला.

बाई आली ती धापा टाकत. "दुसरी मुलगी वेळेवर आलीच नाही हो, दुकान कुणावर टाकू?" ती जाळीबाहेरून सांगत होती. केस घाईत बांधलेले, खांद्याला पिशवी. रखवालदाराने हात आडवा धरला. पट्टी नाही, प्रवेश नाही. तिने जाळीतून दोन बोटं आत घालून धाकटीकडे बघून हलवली. धाकटी आत्याच्या पाठीमागे गेली.

भाऊ जरा वेळ दोघींकडे बघत राहिला. मग आत्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "राहू दे ताई. आज योग नाही दिसत. रविवारचं सामान हलवणं पुढे ढकलतो. पोरीला रडवत नाही नेणार मी."

"पुढे म्हणजे कधी?"

"बघू. थोरलीची परीक्षा झाल्यावर. नाहीतर पुढच्या वर्षी."

आत्याच्या पोटात एकदम ऊब पसरली, गार पडलेल्या हाताला चुलीजवळ वाटावं तशी. पुढचं वर्ष! तिला काही करायचंच नव्हतं. नुसतं इथे, चेंडूंत, पोरीला पाठीशी घेऊन बसून राहायचं होतं. पट्टी आपोआप आली होती, तिने काही मागितली नव्हती.

तिने जाळीकडे पाहिलं. बाई तिथेच उभी होती. जाळीतली बोटं काढून घ्यायचं तिला सुचलं नव्हतं.

सुईत दोरा ओवताना देवाशी एक वाक्य बोलायची आत्याची जुनी सवय होती. दोरा ओठांत ओला करायचा, डोळा बारीक करायचा आणि म्हणायचं, 'माझ्या पोरींना आई मिळू दे रे बाबा.' दिवसात जितक्या वेळा सुई, तितक्या वेळा हेच. गिऱ्हाईक समोर असलं तर मनात. देव बिचारा किती कंटाळला असेल. आणि आता त्याने दुकान दुसऱ्याच्या गळ्यात मारून, धावतपळत ती आणून जाळीशी उभी केली होती, तर ही आत्याच मनगटाला पट्टी बांधून दार अडवून बसली होती.

"मागताना जरा विचार करायला हवा होता," आत्या पुटपुटली.

"काय?" धाकटीने विचारलं.

"काही नाही. तू बाबांपाशी थांब. मी आलेच."

बाहेर बाकावर तिने बाईला शेजारी बसवलं, पर्स उघडली आणि टाके उसवायचं आपलं टोकदार हत्यार काढलं. स्टेपलरच्या पिना तिने अलगद उचलल्या, कापडाचा एक धागासुद्धा ओढला गेला नाही. पट्टी बाईच्या मनगटावर ठेवून तिने सुई घेतली. दोरा ओठांशी गेला आणि सवयीने ते वाक्यही जिभेवर आलं. 'माझ्या पोरींना...' तिथेच ते थांबलं. दोरा मात्र ओवला गेला.

"ताई, मला हे बरं नाही वाटत," बाई म्हणाली.

"हलू नका. घट्ट नाही करत, पोरं हात ओढतात." तिने पट्टीखाली आपलं बोट सारलं, म्हणजे सुई टोचली तर आपल्यालाच टोचेल. "चिमणीला घसरगुंडीवर जायचंय. पण खाली बघू नको असं म्हणू नका. म्हटलं की बघते."

"बरं."

"झोपताना कानाची पाळी लागते तिला. कुणाची का असेना. थोरली तोंडाची फटकळ आहे, मनावर घेऊ नका. आणि दूध..."

"ताई," बाईने तिला अडवलं, "सगळं आताच सांगू नका ना. तुम्ही येणार आहात की घरी."

"येईन तर. पाहुणी म्हणून येईन, चांगली ऐटीत बसेन." सुई बोटात गेली. आत्याने शेवटची गाठ मारली आणि दोरा दातांनी तोडला.

रखवालदाराने पट्टी उलटसुलट करून पाहिली. "हे टाके कसले?"

"फाटली नाही, तुटली नाही," आत्या म्हणाली. "उसवली आणि शिवली. उसवायचं नाही असं कुठे म्हणालात तुम्ही?"

तो हसला. "शिंपीणबाई दिसता. जा. पण दोघींतली एकच हां."

"एकच," आत्या म्हणाली.

बाई आत गेली आणि धाकटी धावत जाळीशी आली. "आत्या, आत ये!"

"माझी पट्टी गेली गं."

"मग तिची काढ."

"शिवलेलं मी कधी उसवते का?"

"खोटारडी! रोज तर उसवतेस!" तिने दोन्ही मुठींनी जाळी हलवली आणि रडायला सुरुवात केली, तोंड आभाळाएवढं उघडून. भाऊ धावला. थोरली म्हणाली, "झालं सुरू." आत्याने जाळीतून पोरीच्या बोटांवर आपली बोटं ठेवली, काढून घेतली आणि मागे सरून एका रुंद खांबाआड जाऊन उभी राहिली.

तिथून काही दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. रडणं चढलं. 'आत्याऽऽ' अशी हाक दोनदा आली, तिसरी अर्धीच. आत्याने खांबाला कपाळ टेकवलं. मग त्या गलक्यातून बाईचा आवाज आला, अगदी साधा, "मला एकटीला वर जायची भीती वाटते. तू हात धरशील का माझा?"

बराच वेळ नुसता इतर पोरांचा आरडाओरडा. मग एक बारीक किंचाळी, वरून खाली लांबत गेलेली. आत्याचे डोळे गच्च मिटले. किंचाळी तळाशी पोचली आणि तिचं हसू झालं.

"आत्या! आत्या, कुठायस?"

ती खांबाआडून बाहेर आली. धाकटी जाळीला नाक लावून उभी होती, गालांवरचे ओघळ अजून ओले. "पाहिलंस? मी घाबरलेच नाही! तीच घाबरली. तिने मला गच्च धरलं होतं."

"पाहिलं की. सगळं पाहिलं."

"माझा मोजा फाटला." तिने एका पायावर नाचत मोजा उपसला आणि जाळीखालच्या फटीतून बाहेर सरकवला. "शिवून ठेव. आम्ही परत चाललो."

ती वळली. चार पावलांवर बाई उभी होती. धाकटीने टाके घातलेल्या पट्टीवरच हात घातला आणि तिला घसरगुंडीकडे ओढत नेलं. मागे काही तिने वळून पाहिलं नाही. पट्टी तुटली नाही.

आत्या बाकावर बसली. मोज्याच्या टाचेला करंगळी जाईल एवढं भोक पडलं होतं आणि आतून तो अजून कोमट होता. तिने सुई काढली, दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं, डोळा बारीक केला. दोरा पहिल्याच खेपेला नेढ्यातून पार झाला. सवयीने ओठ उघडले. ती जरा थांबली, काही मागायचं आठवतंय का ते बघत.

मग तिने मोजा मुठीवर चढवला आणि पहिला टाका घातला.