सालोंगोंच्या मापाचा कान्झू

मित्रांनो, मी एक जुना कान्झू आहे. गळ्यापासून घोट्यापर्यंत पांढराशुभ्र अंगरखा, छातीवर लाल रेशमाची नक्षी. लग्नाला, चर्चला, मयतीला आमच्याकडचा कोणीही भला माणूस कान्झू घातल्याशिवाय जात नाही. वाईट माणूसही जात नाही, हे मला पुढे कळले.

मला नबुकालूने शिवले. मसाका शहराच्या बाजारात एका जिन्याखाली तिचे शिलाई मशीन होते. वीस वर्षे तिने लोकांचे कपडे शिवले आणि भाड्याच्या खोल्या बदलल्या. एका घरमालकाने तर भर पावसात तिचे सामान बाहेर फेकले होते, आणि तिची म्हातारी आई रस्त्यावर खाटेवर बसून भिजली होती. त्या दिवशी म्हातारी म्हणाली, "पोरी, जगायला मी कुठेही जगेन. पण मेल्यावर मला कोणी उठवणार नाही, एवढी तरी जागा बघ."

नबुकालूने ती जागा बघितली. शहरापासून दोन तासांवरच्या गावात लुटाया नावाच्या माणसाचे दोन खोल्यांचे घर स्वस्तात मिळत होते. वर पत्रे, मागे केळीची बाग, थोडी कॉफीची झाडे आणि अंगणात एक फणस.

आता आमची रीत ऐका. घर आणि झाडे विकतो तो कूळ, खालची माती असते जमीनमालकाची. विकणाऱ्याने नव्या माणसाला मालकासमोर न्यायचे, नव्या माणसाने गुडघे टेकून कान्झू पुढे करायचा आणि मालकाने तो दोन्ही हातांनी घेतला की माणूस त्या मातीचा झाला. नाही घेतला, तर कागदावर साऱ्या गावाच्या सह्या असोत, तो उपराच. हल्ली बरेच मालक कान्झूच्या नावाने पाकीटच घेतात. पण इथले मालक सेबोवा जुन्या वळणाचे. त्यांना जुळी झाली म्हणून सगळे त्यांना मानाने सालोंगो म्हणत. त्यांना शिवलेला कान्झूच लागे.

पण सालोंगोंचे माप कोण देणार? नबुकालू तीन रविवार त्यांच्या चर्चला गेली, मागच्या बाकावर बसली आणि त्यांची पाठ नजरेने मोजून आली. ताडमाड माणूस, डावा खांदा किंचित खाली. तिने माझाही डावा खांदा खाली उतरवला. शेवटी खालच्या दुमडीत, आतल्या बाजूला, तिने लाल धाग्याने एक इवलेसे केळीचे पान काढले.

"हे कशाला?" आईने विचारले.

"माझ्या हातचा आहे हे मला कळावं म्हणून."

एवढ्या मायेने मला पुन्हा कोणी हात लावला नाही.

खरेदीच्या दिवशी शेजारी हद्दीवरून चालले, गावच्या अध्यक्षाने शिक्का मारला, व्यवहार पक्का झाला म्हणून सगळ्यांनी कॉफीचे दाणे चघळले. मग लुटाया नबुकालूला बाजूला घेऊन म्हणाला, "सालोंगो आजारी आहेत गं. परक्या बाईला भेटायचे नाहीत. तू कशाला खेटे घालतेस? दे इकडे. मी त्यांच्या घरातलाच. तुझं नाव सांगून पोचवतो."

"स्वतः ने, पोरी," म्हातारी म्हणाली.

"विकणाऱ्याशिवाय एकटी कशी जाऊ, आई? आगाऊ बाई म्हणतील." असे म्हणून नबुकालूने मला इस्त्री करून, कागदात गुंडाळून लुटायाच्या हातात दिले. चूक झाली ती इथे. त्याने मला दोन्ही हातांनी घेतले, म्हणून तिला त्याचे बोलणे खरे वाटले.

लुटायाने मला सालोंगोंकडे नेलेच नाही. कान्झूबरोबर मालक विकणाऱ्याकडून वरचे पैसे मागतील, ते कोण देणार? त्यापेक्षा फुकटचा कान्झू बरा. तो मला घालून लांबच्या गावांत लग्नांना जाऊ लागला. माणूस बुटका, मी त्याच्या पायांत लोळायचो. पण लोक म्हणत, "काय कान्झू आहे लुटायाचा!" खोटे कशाला बोलू, मित्रांनो, मला ते ऐकून बरे वाटायचे.

दुसऱ्या वर्षी नबुकालूची आई वारली. तिला केळीच्या बागेत पुरले. लुटाया मयतीला गेला, पण मला पेटीत ठेवून.

तिसऱ्या वर्षी सालोंगो आपली जमीन बघायला आले, आणि त्यांना एक अनोळखी बाई दिसली, शिवाय एक कबर. लगेच फणसाखाली सभा बसली. मालकासमोर कान्झूशिवाय उभे राहता येत नाही, आणि लुटायाचा स्वतःचा कान्झू उंदरांनी कुरतडला होता. त्याने मला चार बोटे आत दुमडले, टाचण्या लावल्या आणि घातले.

नबुकालूने गुडघे टेकले, मान वर केली आणि तिला माझा खांदा दिसला.

"मालक, हाच तो! तुमच्यासाठी शिवला होता मी. ह्याच्या मापाचा तरी आहे का?"

"बापाचा आहे माझ्या," लुटाया म्हणाला. "बाप उंच होता. मी आईवर गेलो." सभा हसली.

"मग खालची दुमड उलटी करा! आत लाल पान आहे. माझ्या हातचं."

अध्यक्ष ओरडला, "बाई, लाज बाळग! भर सभेत पुरुषाचा कान्झू वर करायला सांगतेस?"

आता तर लोक पोट धरून हसले. पान लुटायाच्या पोटऱ्यांना घासत होते, आणि मला तोंड नव्हते.

सालोंगो म्हणाले, "मला कान्झू पोचला? नाही. मग मी हिला ओळखत नाही. शनिवारपर्यंत घर रिकामं कर."

"आणि माझी आई?"

"तिला इथे पुरायला मी सांगितलं होतं?"

शनिवारी ती मोटारसायकलवर मशीन बांधून गेली. म्हातारी तिथेच राहिली. हे लुटायाने रात्रीच्या जेवणाला बायकोला हसत हसत सांगितले, तेव्हा मी खुंटीवर होतो.

सालोंगोंच्या वहीत कूळ म्हणून अजून लुटायाचेच नाव होते. सहा महिन्यांत त्याने तेच घर कंपालाच्या एका व्यापाऱ्याला विकले. हा गडी हुशार, वकील घेऊन आला आणि म्हणाला, "आधी मालकांना भेटव. त्यांना काय द्यायचं ते मी देतो."

"कान्झूची चिंता नको, साहेब," लुटाया म्हणाला. "तयार आहे."

त्याने टाचण्या काढल्या, मला धुतले, खळ दिली, कडक इस्त्री केली. व्यापाऱ्याने फणसाखाली गुडघे टेकून मला पुढे केले. सालोंगोंनी दोन्ही हातांनी घेतले आणि तिथेच अंगात घातले. मी कुठे ओढला नाही, कुठे लोळलो नाही. तीन रविवारांचे माप एक सूतही चुकले नव्हते.

"अरे वा! माझा खांदा उतरलेला आहे, हे तुझ्या शिंप्याला कसं कळलं?"

"आमचा शिंपी हुशार आहे, मालक," व्यापारी म्हणाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लुटायानेही.

मग व्यापाऱ्याने विचारले, "मागे एक कबर आहे. तिथे मला डुकरांची शेड घालायची आहे. चालेल ना?"

"असेल कुणाची तरी," सालोंगो माझी बाही न्याहाळत म्हणाले. "सपाट कर."

घरी आल्यावर सालोंगोंच्या पायाला काहीतरी टोचू लागले. नातीने दुमड उलटी केली. "आजोबा, इथे छोटंसं पान आहे. लाल."

"कापून टाक."

मित्रांनो, आज मी सालोंगोंच्या कपाटात असतो. मला डांबराच्या गोळ्यांत ठेवतात, सावलीत वाळवतात. माझी नीट काळजी घेतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण तुम्हाला विनंती आहे. जो कान्झू स्वतः द्यायचा, तो दुसऱ्याच्या हाती देऊ नका. आणि कधी कुणी दिलेला कपडा अंगाला अगदी बेतल्यासारखा बसला, तर टाळ्या वाजवण्याआधी त्याची दुमड उलटून बघा. माझ्या दुमडीत सुईची भोके अजून आहेत. उजेडापुढे धरले की पान दिसते.