उजेड स्वस्त झाला

इकडेतिकडे बघू नका, आवाज वरून येतोय. खिळे-कुलुपांच्या या दुकानात दाराच्या आत हुकाला टांगलेला जुना कंदील दिसतोय ना? तो मीच बोलतोय. तुम्ही म्हणाल, कंदिलाला बोलण्यासारखं काय असणार? पण सरकारदरबारी माझं नाव लागलं होतं, महाराजा. तुमच्यापैकी किती जणांचं आहे?

माझा जन्म पत्र्याच्या कारखान्यातला. यंत्राने टाकी ठोकली, एका बाईने काच बसवली आणि एका माणसाने कडी अडकवली. त्याचं लक्ष जेवणाच्या सुट्टीकडे असावं, कारण माझी कडी वाकडी बसली. खोक्यातले माझे भाऊबंद एकेक करून विकले गेले. मला गिऱ्हाईक हातात घ्यायचं, कडीकडे बघायचं आणि शेजारचा उचलायचं. मी एकटा उरलो, तोवर गल्लीत विजेचे खांब उभे राहिले. मग मला कोण विचारतो? ज्याच्यासाठी जन्म घेतला ते पेटणं काही माझ्या वाट्याला आलं नाही. त्याचं मला वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू.

दुकानाच्या मालकाला सगळे थोरले म्हणतात, कारण दोन भावांत तो थोरला. माणूस सरळ, म्हणजे व्यापारात जेवढं परवडतं त्याहून थोडा जास्तच सरळ. त्याने स्वतःच्या हाताने भिंतीवर रंगवलंय: 'एकच भाव. विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' घासाघीस करणाऱ्याला तो नुसतं बोटाने भिंत दाखवतो.

एकदा दुकान आवरताना त्याने मला भंगाराच्या पोत्यात टाकलं. माझा कारभार तिथेच आटोपायचा. पण तेवढ्यात बगलेत फाइल धरलेला एक घामेजलेला माणूस आत आला.

"कंदिलाचा भाव काय?"

"कंदील? घेणार कोण?" थोरले म्हणाले.

"घ्यायचा नाहीये हो, लिहायचाय."

हा महागाई मोजणाऱ्या कचेरीतला कारकून. दर महिन्याला दुकानोदुकानी हिंडून भाव टिपायचा. गल्लीने त्याचं नाव ठेवलं भावसाहेब. त्याने पाणी मागितलं, स्टुलावर बसला आणि सगळं समजावून सांगितलं. फार वर्षांपूर्वी सरकारने लोकांच्या घरी जाऊन ते काय काय विकत घेतात याची यादी केली होती. त्यात उजेड म्हणून कंदील होता, लिहिण्यासाठी शाईची दौत होती, स्वयंपाकासाठी स्टोव्हची पिन होती. त्यांचे भाव वाढले तर महागाई वाढली, नाहीतर नाही.

"पण आता घरोघरी वीज आली," थोरले म्हणाले. "विजेचा दर नाही का धरत?"

"यादीत नाही ना. यादी बदलायला समिती लागते."

"मग नेमा समिती."

"नेमलीये की. तिची मुदत वाढवतायत."

थोरल्यांनी मला पोत्यातून काढलं, पुसलं आणि या हुकावर टांगलं. गावात कंदील उरलेलं हे एकच दुकान होतं, त्यामुळे अख्ख्या गावाचा उजेड म्हणजे मी एकटा. दर महिन्याला भावसाहेब यायचा, माझ्याकडे मान वर करून बघायचा आणि मागच्या महिन्याचाच भाव पुन्हा लिहायचा. न खपणाऱ्या मालाचा भाव कशाला वाढेल? इकडे दूध महागलं, औषध महागलं, विजेचं बिल तर हातात धरवेना. पण रेडिओवर मंत्री सांगायचे की महागाई आटोक्यात आहे. हे सगळं माझ्या जिवावर चाललंय, याचा मला तेव्हा केवढा माज होता!

विरोधी पक्षाचे लोकही माझ्याकडे आले. महागाईच्या विरोधात मोर्चा काढायचा होता आणि पुढाऱ्याच्या हातात कंदील हवा होता. पेटवायचा नाही, म्हणाले, धुराने फोटो काळा येतो. मी दिवसभर न पेटता मिरवलो आणि संध्याकाळी टाकीला पोचा घेऊन परत आलो. पुढे तेच लोक निवडून आले. मग त्यांच्या लक्षात आलं की ती यादी तर फार छान आहे.

हसू नका. हसण्याची गोष्ट इथे संपते.

थोरल्यांचा धाकटा भाऊ बाटल्यांच्या कारखान्यात भट्टीवर काम करतो. आई त्याच्याकडेच राहायची, कारण थोरल्यांची राहायची खोली दुकानाच्या वर आहे आणि तिला जायला हा उभा लोखंडी जिना. आईची छाती अधू. नाकाला नळी लावून हवा देणारं एक यंत्र डॉक्टरांनी तिच्या उशाशी ठेवायला सांगितलं होतं. ते दिवसरात्र विजेवर चालायचं. धाकट्याचा पगार यंत्राच्या पोटात जायला लागला.

आता कारखान्याचा करार असा, की सरकारने महागाई चढली म्हटलं की कामगारांचा भत्ता चढणार, उतरली म्हटलं की उतरणार. आणि महागाई तर माझ्यासारखी हुकाला टांगलेली, हलायचं नाव नाही. एका दुपारी धाकटा कामावरून थेट इथे आला. भट्टीच्या धगीने त्याचा चेहरा कायमचाच लाल असतो, त्या दिवशी जरा जास्तच होता.

"दादा, याचा भाव वाढव."

"कशाला? खरेदी तीच आहे माझी."

"आईसाठी म्हणतोय. तू चौपट सांग. भावसाहेब मुकाट्याने लिहील."

थोरल्यांनी भिंतीवरच्या स्वतःच्या अक्षरांकडे बघितलं. शेवटी आईसाठी म्हणून त्यांनी मान डोलावली. पुढच्या महिन्यात त्यांनी भाव सांगितला, तोही माझ्याकडे न बघता. भावसाहेबाचं पेन थांबलं.

"शेठ, नुसतं बोलून चालत नाही. त्या भावाला विकला गेला पाहिजे. पावती लागते."

मग जे झालं ते फक्त कामगारच करू शकतात. धाकट्याने भट्टीवर वर्गणी गोळा केली. ज्यांना महिनाअखेर उसनं काढावं लागत होतं, त्या लोकांनी खिशात हात घालून एक वाकड्या कडीचा कंदील चौपट भावाने विकत घेतला. का, तर महागाई वाढावी म्हणून! धाकटा त्यांना म्हणाला होता, टाकलेले पैसे एका महिन्यात भत्त्यातून वसूल होतील, माझा शब्द आहे.

विक्रीच्या दिवशी थोरल्यांनी माझी काच राखेने घासली, नवी वात घातली, टाकीत गळ्यापर्यंत रॉकेल भरलं.

"हे कशाला, दादा? पेटवायचाय थोडाच?"

"विकलेला माल चालू असला पाहिजे," थोरले म्हणाले. खोटेपणातही हा माणूस खरेपणा घुसवत होता. मला त्यांची कीव आली आणि अभिमानही वाटला.

पावती झाली, भाव लिहिला गेला. मी धाकट्याच्या घरी आईच्या खाटेशेजारी खिळ्याला लागलो. यंत्र गुरगुरत असायचं आणि आई माझ्याकडे बघून म्हणायची, "एवढा महाग कंदील, पेटवा तरी एकदा." सून हसून म्हणायची, "सासूबाई, तो शोभेचा आहे."

कचेरीत मात्र गोंधळ उडाला. उजेड एका महिन्यात चौपट? वरच्या साहेबांनी फाइल मागवली. मोठ्या कचेरीत एक नियम असतो म्हणे: वाढ दिसली की चौकशी लावायची, घट दिसली की लगेच लागू करायची. त्याप्रमाणे आमची वाढ चौकशीसाठी बाजूला ठेवली गेली आणि भत्ता जिथल्या तिथे राहिला; फाइलमध्ये मात्र चौपट भाव तसाच लिहिलेला होता. पुढच्या महिन्यात भावसाहेब दुकानात आला, तर हूक रिकामा. गावात दुसरा कंदील नाही. माल मिळत नसेल तर त्याच कामाची दुसरी वस्तू धरा, असाही नियम होता. थोरल्यांच्या फळीवर प्लॅस्टिकच्या छोट्या टॉर्च होत्या, दोन दिवसांत बिघडणाऱ्या, पोरखेळाच्या. त्यांचा भाव त्याने लिहून नेला.

आता तुम्हीच बघा. मागच्या महिन्यात उजेड म्हणजे चौपट भावाचा मी. या महिन्यात उजेड म्हणजे किरकोळ भावाची टॉर्च. कागदावर उजेड असा काही कोसळला की त्याने सगळी महागाईच खाली ओढली. धाकट्याच्या घरी डब्याला गुंडाळलेल्या वर्तमानपत्रात मी स्वतः वाचलं: 'उजेड स्वस्त झाला.' घट लगेच लागू झाली. कामगारांचा भत्ता कापला गेला. आम्ही भाव जेवढा चढवला होता, तेवढ्याच उंचीवरून पडलो.

भट्टीवरच्या लोकांनी धाकट्याला शिवीगाळ केली नाही. त्यांनी त्याच्याशी बोलणं सोडलं, आणि ते त्याला जास्त लागलं. तो घरी येऊन नुसता बसून राहायचा. विजेचं बिल तो पत्र्याच्या डब्याखाली सरकवून ठेवायचा. पहिलं ठेवलं, मग दुसरं. सून म्हणाली, "दादांना सांगा की." तो म्हणाला, "आईचं मी बघतो म्हणून वेगळा झालो. आता कुठल्या तोंडाने सांगू?"

एका संध्याकाळी वीज मंडळाचा माणूस येऊन तार काढून गेला. यंत्राची गुरगुर थांबली. मला त्या आवाजाची सवय झाली होती, त्यामुळे ती शांतता मला सहन होईना. आईने नळीला हात लावून पाहिला. सुनेने घाईघाईत काडी ओढली, माझी काच वर केली आणि वातीला लावली.

मी पेटलो.

जन्मभर ज्याची वाट बघितली ते असं आलं. माझ्या उजेडात मला पहिल्यांदा आईचा चेहरा नीट दिसला. ओठ निळसर पडले होते. मी जीव तोडून जळत होतो आणि माझा धूर सरळ तिच्या छातीत जात होता. ती खोकायला लागली. खोकता खोकता तिने हात वर केला.

"विझव गं तो. अंधार चालेल मला. धूर नको."

सुनेने फुंकर मारली. इतक्या वर्षांनी पेटलो आणि उपयोगाला आलो तो विझून. कुणावर रागवायचं तेही मला कळेना. कचेरीवर, धाकट्यावर, की माझ्या वाकड्या कडीवर?

सून तशीच अंधारात दुकानाकडे पळाली. थोरले आले ते धापा टाकतच. धाकटा म्हणाला, "दादा, मी..." थोरल्यांनी त्याला पुढे बोलू दिलं नाही. "खुर्चीचे मागचे पाय धर," एवढंच म्हणाले. दोघांनी आईला खुर्चीत बसवून उचललं. सुनेने एका हातात यंत्र घेतलं आणि का कोण जाणे, दुसऱ्या हातात मला. दुकानाच्या त्या लोखंडी जिन्यावर दोन्ही भाऊ पायरी पायरीला थांबत होते. आई मध्येच म्हणाली, "अरे, मी परत खाली कशी येणार?" दोघांनी खुर्ची पुढच्या पायरीवर चढवली. वर यंत्र लावलं, ते गुरगुरलं, तेव्हा धाकटा जिन्यावरच बसला आणि रडला.

मला सुनेने खाली गल्ल्याजवळ ठेवलं होतं. धाकट्याने मला थोरल्यांपुढे सरकवलं. "दादा, हा परत घे." त्याने भिंतीकडे बघितलं, थोरल्यांनीही बघितलं. विकलेला माल परत घेतला जाणार नाही. थोरल्यांनी मला उचललं आणि जुन्या हुकावर टांगलं.

आता माझी सध्याची हकिगत सांगतो. दुकानाच्या विजेचा दर घरच्याहून जास्त आहे आणि वर यंत्र अखंड चालतं. म्हणून थोरल्यांनी खालचे दिवे काढून टाकलेत. तिन्हीसांजेला ते मला पेटवतात. वात अगदी बारीक ठेवतात आणि जिन्याच्या तोंडाला ओलं पोतं टांगतात, धूर वर जाऊ नये म्हणून. मी रोज पेटतो. खिळ्यांचे डबे माझ्या उजेडात उघडतात. धाकटा कामावरून सुटला की आधी वर जातो, मग खाली येऊन थोरल्यांच्या शेजारी बसतो. आई मात्र त्या दिवसापासून जिना उतरलेली नाही.

काल भावसाहेब आला. यायला उशीर झाला होता, बाहेर अंधार पडला होता. स्टूल ओढून तो माझ्याखालीच बसला आणि त्याने फाइल उघडली. मला वाटलं, आता तरी मान वर करील. पण माझ्या जागी आता टॉर्च धरलीये, आणि यादीत नसलेल्या गोष्टीकडे तो कशाला बघेल?

"टॉर्चचा भाव?"

"तोच."

वरून खोकल्याची उबळ ऐकू आली. भावसाहेबाने क्षणभर पेन थांबवलं. "आई का?" थोरल्यांनी मान डोलावली. तो फाइलमध्ये बघत राहिला, जणू हे लिहायला कुठे जागा आहे का ते शोधत होता. मग म्हणाला, "शेठ, वात जरा मोठी करता? अक्षर दिसत नाही."

"मोठी केली की धूर वर जातो," थोरले म्हणाले. "एवढ्यातच लिहा."

त्याने फाइल माझ्याजवळ धरली, डोळे बारीक केले, आणि माझ्याच उजेडात लिहिलं: उजेड, भाव स्थिर.

तुम्ही काही घ्यायला आला असाल, तर घ्या आणि निघा. जाताना दार हळू ओढा. वारा आला की माझी ज्योत फडफडते, काजळी धरते, आणि वर माणूस झोपलंय.